रीजंट स्ट्रीटवरचं विंदालू

१८०० सालच्या मार्चमध्ये नाना फडणीस गेले. तेव्हा पुण्यातल्या इंग्रज रेसिडेंटनं वर कळवलं की नानांबरोबर मराठ्यांच्या राज्यातलं सारं शहाणपण आणि संयमही संपला. पेशवाईचा इतिहास थोडाफार वाचलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हा अभिप्राय ओळखीचा असतो. तो देणारा माणूस कोण, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. त्याचं नाव विल्यम पामर. पुण्याला येण्याआधी तो शिंद्यांच्या दरबारी रेसिडेंट होता, आणि त्याही आधी लखनौला. तिथंच त्यानं फैज बक्ष नावाच्या खानदानी मुसलमान स्त्रीशी संसार थाटला आणि तो शेवटपर्यंत निभावला. या कुटुंबाचं एक मोठं सुंदर तैलचित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. साहेब खुर्चीवर, बेगम आणि तिच्या नात्यातल्या बायका जमिनीवर, भोवती मुलं.

या जनरल पामरच्या पणतवानं १९२६ साली लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर एक भारतीय हॉटेल काढलं. नाव ठेवलं वीरस्वामी. ब्रिटनमधल्या भारतीय हॉटेलांमध्ये एवढं आयुष्य दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं नाही. हात बदलले, भिंतींचे रंग बदलले, झुंबरं बदलली, स्वयंपाकी बदलले. या सगळ्या उलथापालथीत टिकून राहिलेला एक पदार्थ मात्र आपल्या गोव्याचा आहे. म्हणून हा लेख.

आधी पामर घराण्याचं संपवू. जनरलचा फैज बक्षपासून झालेला मुलगा, त्याचंही नाव विल्यमच, हैदराबादला सावकारी पेढी घालून बसला. निझामाच्या सरकारला त्यानं इतकं कर्ज दिलं की कंपनी सरकारचे डोळे पांढरे झाले आणि १८२० च्या दशकात ती पेढी बुडाली. पण घराणं हैदराबादेत रुजलं. त्याच वंशातले एडवर्ड पामर १८८० च्या सुमारास वैद्यकीच्या शिक्षणासाठी विलायतेला गेले. डॉक्टरी बाजूला राहिली आणि १८९६ मध्ये त्यांनी मसाले, चटण्या, लोणची मागवून विकणारी कंपनी काढली. कंपनीला घराण्यातलं एक नाव दिलं, वीरस्वामी. मालावरचा छाप होता 'निझाम'. एका माणसाच्या धंद्यात लखनौ, हैदराबाद, तमिळ नाव आणि इंग्रज आडनाव अशी खिचडी होती. पुढे विलायतेत ज्याला 'भारतीय जेवण' म्हटलं गेलं, त्याची मोट पहिल्यापासून अशीच बांधलेली होती.

लंडनमध्ये भारतीय जेवण विकायचा प्रयत्न त्याच्या कितीतरी आधी झालेला होता. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमदनं १८१० साली जॉर्ज स्ट्रीटवर 'हिंदुस्तानी कॉफी हाऊस' उघडलं. बसायला वेताच्या खुर्च्या, ओढायला हुक्का, खायला करी. दोन वर्षांत माणसाचं दिवाळं निघालं. कारण सरळ होतं. हिंदुस्थानातून परतलेल्या बड्या साहेबांनी येतानाच आपला खानसामा बरोबर आणला होता. घरात करी शिजत असताना बाहेर पैसे मोजून कोण खाणार? दीन महंमद हार मानणारा नव्हता. त्यानं ब्रायटनला जाऊन चंपीचं न्हाणीघर काढलं आणि राजघराण्यापर्यंत पोचला. पण करी मात्र शंभर वर्षं घरांत आणि क्लबांतच राहिली.

पामरांना संधी मिळाली ती १९२४ मध्ये वेम्बलीला भरलेल्या साम्राज्याच्या प्रदर्शनात. हिंदुस्थानच्या दालनातल्या उपाहारगृहाचं काम त्यांच्या कंपनीकडे होतं. लाखो लोक येऊन गेले. त्यांतल्या बऱ्याच जणांनी आयुष्यात पहिल्यांदा मसाल्याचं जेवण चाखलं. प्रदर्शन संपल्यावर पामरांनी रीजंट स्ट्रीटवरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर जागा घेतली. लंडनमध्ये विद्यार्थ्यांसाठी आणि खलाशांसाठी लहानसहान जागा तोवर निघालेल्या होत्या, पण हे हॉटेल त्यांच्या पंगतीतलं नव्हतं. दारात फेट्यातला दरवान, आत पगडी घातलेले वाढपी, पांढरी शुभ्र टेबलं, ऐन मोक्याची जागा. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः पेन्शन घेऊन परतलेले अधिकारी आणि त्यांच्या मडमा. तिथं वाढप्याला 'बेअरर' म्हणून हाक मारता येत असे. भारतात सोडून आलेला रुबाब दोन तासांपुरता परत मिळायचा आणि बिलात त्याचेही पैसे असायचे.

अशा या साहेबी हॉटेलातली एक कथा फार सांगितली जाते. डेन्मार्कच्या राजघराण्यातल्या एका पाहुण्याला इथलं बदकाचं विंदालू इतकं आवडलं की तो कृतज्ञतेपोटी दरवर्षी कार्ल्सबर्ग बिअरचं पिंप पाठवू लागला, आणि करीबरोबर बिअर प्यायची इंग्रजांची सवय तिथून सुरू झाली. कथेत मीठमसाला किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. माझं लक्ष बिअरकडे नाही, विंदालूकडे आहे. ब्रिटिश साम्राज्याच्या वैभवाचं प्रदर्शन मांडणाऱ्या त्या टेबलावर ज्या पदार्थानं नाव काढलं, त्याचं माहेर ब्रिटिश साम्राज्यात नव्हतंच. ते १५१० पासून पोर्तुगालच्या ताब्यात होतं.

विंदालू हा शब्द पोर्तुगीज 'विन्हा द आल्योस'चा अपभ्रंश. विन्हो म्हणजे द्राक्षाची दारू, आल्यो म्हणजे लसूण. दारूत किंवा शिरक्यात लसूण घालून मांस मुरवायचं, म्हणजे लांबच्या प्रवासात ते टिकतं, अशी ती युक्ती. मदैरा बेटावर आजही नाताळात हा पदार्थ होतो, फिकट आणि सौम्य. गोव्यात आल्यावर त्यात द्राक्षाच्या दारूऐवजी माडाच्या सुरेचा शिरका आला. पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणलेली मिरची आली. जिरं, मिरी, दालचिनी, लवंग आली आणि सगळं शिरक्यात वाटलं गेलं. बटाटा त्यात कधीच नव्हता. तो पुढे 'आलू' ऐकून कुणीतरी घातला. भाषेचा घोळ कढईत कसा उतरतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

मग हा पदार्थ इंग्रजांपर्यंत कसा गेला? नेपोलियनशी लढाया चालू असताना, १७९९ पासून १८१३ पर्यंत, इंग्रजांची फौज गोव्यात तळ देऊन होती. पण त्याहून मोठं कारण माणसांचं आहे. डुक्कर, गाय, शिरका, दारू यांतल्या कशाचाही विटाळ नसलेला स्वयंपाकी साहेबाला हवा होता. हिंदू आणि मुसलमान आचाऱ्यांची प्रत्येकाची काहीतरी अडचण असायची. गोव्याच्या ख्रिस्ती माणसाची नव्हती. शिवाय त्याला गावात शेत नव्हतं, भाटकाराच्या जमिनीवर राहायचं आणि घरात खाणारी तोंडं दहा. तो मुंबईला गेला, कूडीत राहिला, बोटीवर लागला. साहेबाच्या बंगल्यात बबर्ची झाला, पी अँड ओच्या बोटीत स्टुअर्ड झाला. त्याच्याबरोबर विंदालू बंगल्यात गेलं, डुकराच्या जागी बदक आलं, आणि तिथून ते परतणाऱ्या साहेबांच्या आठवणीत बसून रीजंट स्ट्रीटला पोचलं. त्या मधल्या सव्वाशे वर्षांत ते शिजवणाऱ्या एकाही माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही. पिंप पाठवणाऱ्या राजपुत्राची कथा तेवढी राहिली.

आता प्रश्न आपल्या बाजूचा. विंदालू गेलं, सोरपोतेल गेलं. हुमण का नाही गेलं? खतखतं का नाही गेलं? तेफळांची उडीदमेथी, आंबाड्याचं रायतं, नाहीतर पलीकडे बेळगावचं मराठी घरातलं जेवण, इंदूर-ग्वाल्हेरच्या सरदारी मुदपाकखान्यातलं मांसाहारी जेवण, हे कुठल्या विलायती टेबलावर गेलं?

उत्तराचा एक धागा पुण्यातच सापडतो. १८९० मध्ये पंच हौद मिशनात एक समारंभ झाला. व्याख्यानानंतर पाद्र्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. रानडे होते, टिळक होते, पुण्यातली बरीच नामवंत मंडळी होती. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसता हातात धरला, कुणी तसाच बाजूला ठेवला. पण हजर असलेल्यांची नावं छापून आली आणि शहरात वादळ उठलं. ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एका कपभर चहासाठी! त्यानंतर सहाच वर्षांनी एडवर्ड पामर लंडनमध्ये मसाले विकायला बसले. ज्या समाजात परक्याच्या हातचा चहा हा खटल्याचा विषय होतो, त्या समाजातला माणूस समुद्र ओलांडून परक्याला आपल्या हातचं रांधून वाढणार कसा? पंक्तीत कुणाशेजारी बसायचं याचेच जिथं नियम, तिथं येईल त्याला टेबल द्यायची कल्पना रुजायला वेळ लागणारच. हे फक्त ब्राह्मणांचं नव्हतं. प्रत्येक जातीनं आपल्या चुलीभोवती रेघ आखलेली होती.

याचा अर्थ मराठी माणसानं जेवण विकलंच नाही असा नाही. मुंबईत गिरणगाव उभं राहिलं तेव्हा घाटावरून आणि कोकणातून आलेल्या एकट्या कामगारांना जेवू घातलं ते खाणावळी चालवणाऱ्या बायकांनी. या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवायला १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभं करणाऱ्या प्रेमाताई पुरव मूळच्या गोव्याच्याच. तरुणपणी गोवामुक्तीच्या लढ्यात होत्या. 'गोमंतक' अशी पाटी लावलेल्या मासळीच्या खाणावळी मुंबईकरांना आजही पाठ आहेत. पण खाणावळ म्हणजे आपलं माणूस आपल्या माणसाला वाढतं. वाढताना काही समजावून सांगावं लागत नाही. परक्याला वाढायचं तर 'हे काय आहे, कसं खायचं' हे सांगावं लागतं, म्हणजे आधी आपल्यालाच ते शब्दांत मांडावं लागतं. ती सवय आपल्याला लागली नाही.

असो. वीरस्वामीकडे परत जाऊ. पामरांनी काही वर्षांतच हॉटेल विकलं. ते पुढे सर विल्यम स्टुअर्ड या इंग्रज गृहस्थांकडे गेलं. हे पुढे पार्लमेंटात निवडूनही आले. दुसऱ्या महायुद्धानंतर विलायतेत भारतीय जेवणाचं रूप पार पालटलं. बोटींवरून उतरलेल्या सिल्हेटच्या खलाशांनी पडीक खानावळी घेतल्या आणि गल्लोगल्ली 'करी हाऊस' झाली. सहा-सात रस्से, तिखटाच्या पायऱ्या. 'मद्रास' तिखट, त्याच्यावर 'विंदालू' जहाल. शिरका गेला, लसूण मुरवणं गेलं, उरलं ते फक्त तिखट. रात्री दारू पिऊन मर्दुमकी दाखवायचा पदार्थ अशी त्याची ख्याती झाली. १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी 'विंदालू' याच नावाचं गाणं इंग्लंडभर गाजलं. गाणाऱ्यांपैकी किती जणांना त्यात गोवा आहे हे माहीत असेल, कुणास ठाऊक. सिल्हेटी बांधवांना मी दोष देत नाही. परमुलखात पोट भरायला त्यांनी जे खपेल ते शिजवलं. त्यांचा स्वतःचा घरचा स्वयंपाकही त्यांच्या मेन्यूकार्डावर कुठं होता?

ही चाकोरी मोडायला सुरुवात झाली ती भारतातून. ताज हॉटेलांच्या कमेलिया पंजाबी देशभर फिरून घराघरांतले पदार्थ गोळा करत होत्या. तोवर आपल्या पंचतारांकित हॉटेलांतही भारतीय जेवण म्हणजे पंजाबी-मोगलाई, बाकी फ्रेंच. १९८२ मध्ये ताजनं लंडनला 'बॉम्बे ब्रासरी' काढलं आणि तिथं गोव्याचे, पारशांचे, मुंबईच्या रस्त्यावरचे पदार्थ त्यांच्या स्वतःच्या नावानं आले. पुढे कमेलियांची बहीण नमिता पंजाबी आणि रणजित मथरानी यांनी १९९० मध्ये 'चटनी मेरी' काढलं आणि १९९६-९७ च्या सुमारास दमलेलं वीरस्वामी विकत घेतलं.

हॉटेलाचं नूतनीकरण म्हणजे रंग आणि खुर्च्या, असं आपल्याला वाटतं. वीरस्वामीचा अनुभव वेगळा आहे. नव्या मालकांनी पहिला फेरफार केला तो १९९० चं दशक संपता संपता. जुनं साहेबी जड सामान गेलं, झगझगीत आधुनिक रंग आले. ताटातही बदल झाला. एक मूळ रस्सा करून त्यातून सगळं काढायची पद्धत बंद. प्रत्येक पदार्थाचं वाटण वेगळं, ते करणारा स्वयंपाकी त्या त्या प्रांतातला. मग २००५-०६ च्या आसपास, ऐंशीवं वर्ष लागताना, दुसरा फेरफार झाला, आणि तो उलट्या दिशेनं. रंगीत काचेची झुंबरं, रुपेरी जाळ्या, संस्थानिकांच्या पगड्यांची मांडणी. पुन्हा १९२६ चा थाट! स्वयंपाकघर पुढे गेलं आणि दिवाणखाना मागे.

मला यात गंमतही वाटते आणि थोडं टोचतंही. पामरांचं गिऱ्हाईक हिंदुस्थानच्या आठवणी काढायला येत असे आणि त्या आठवणी निदान त्याच्या स्वतःच्या होत्या. २००६ मध्ये त्या खोलीत बसणाऱ्याला संस्थानं पाहिलेली नव्हती, की राज्यही. त्याला विकली गेली ती दुसऱ्याची आठवण. पण न्यायानं दुसरी बाजूही सांगायला हवी. फ्रेंच जेवणाला शेदोनशे पौंड मोजणारं गिऱ्हाईक करीला दहाच्या वर देत नसे, कारण करी म्हणजे स्वस्त हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. वाटणाला तीन तास लागतात हे त्याला दिसत नाही, झुंबर दिसतं. २००१ मध्ये लंडनच्या 'टॅमरिंड' आणि 'झायका' या दोन हॉटेलांना भारतीय जेवणासाठी पहिल्यांदा मिशेलिनचा तारा मिळाला. वीरस्वामीला तो २०१६ मध्ये, नव्वदाव्या वर्षी मिळाला. त्या मेन्यूकार्डावर बदकाचं विंदालू होतंच. शिरक्यासह.

आणि मग शंभरीच्या उंबरठ्यावर, २०२५ मध्ये, तिसऱ्या नूतनीकरणाची वेळ आली. हे हॉटेलाचं नव्हतं, इमारतीचं होतं. जागा क्राउन इस्टेटची, म्हणजे ब्रिटिश राजसत्तेच्या मालमत्तेचा कारभार बघणाऱ्या संस्थेची. वरच्या मजल्यांवरच्या ऑफिसांसाठी प्रवेशाची जागा मोठी करायची आहे, त्यात हॉटेलाच्या दारापुरती जागा लागते, म्हणून भाडेकरार वाढवून देणार नाही, असं मालकांना कळवण्यात आलं. वाद कायद्याच्या वाटेला लागला. ज्या साम्राज्याच्या प्रदर्शनातून हे हॉटेल जन्मलं, त्याच राजसत्तेच्या नावची संस्था ऑफिसच्या देवडीसाठी त्याला उठवायला निघावी, हा योगायोग लेखकानं रचला असता तर आपण त्याला अतिशयोक्त म्हटलं असतं.

आता आपलं काय? गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडेही असली हॉटेलं निघाली आहेत. मूळ गोव्याच्या कुटुंबातले, मुंबईत वाढलेले फ्लॉइड कार्डोझ यांनी १९९८ मध्ये न्यूयॉर्कला 'तबला' गाजवलं. मुंबईच्या 'बॉम्बे कँटीन' आणि 'ओ पेद्रो' यांच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. २०२० च्या मार्चमध्ये कोविडनं त्यांना नेलं. 'ओ पेद्रो' उघडलं २०१७ मध्ये, नावातच गोवा आणि पोर्तुगाल. चांगलंच झालं. पण आमच्याकडचं कुणी तिथल्या टेबलावर खतखतं शोधू लागलं आणि 'आपलं काहीच कसं नाही' म्हणून नाराज झालं, तर मी त्याला विंदालूची ही सारी कथा सांगेन. त्या टेबलावर जे पदार्थ बसले आहेत, ते दोनशे वर्षं बाहेर चाकरी करून आलेले आहेत. आपले पदार्थ घराबाहेर पडले नाहीत, कारण आपण त्यांना सोवळ्यात ठेवलं. आता सोवळं गेलं, पण त्याबरोबर त्यांना रांधणारे हातही जाऊ लागलेत. आजींना तेफळ कधी घालायचं ते ठाऊक होतं, प्रमाण कुणी विचारलं तर 'अंदाजानं' म्हणायच्या. आणि तो अंदाज कुणी लिहून घेतला नाही.

हॉटेल पाडता येतं, झुंबर काढता येतं. एखादा पदार्थ मात्र तो शिजवणारे, खाणारे आणि त्याचं नाव घेणारे असले की तग धरतो. विंदालूला ते मिळाले, बोटीवरच्या खोपटात का होईना. गणपतीच्या दिवसांत आपल्या घरात खतखतं शिजेल तेव्हा, परडीभर भाज्या, तूरडाळ, नारळ, चिंच आणि तेफळं यांचं माप एकदा वहीत उतरवून ठेवायला काय हरकत आहे? टेबल मिळेल तेव्हा मिळेल.